पाचवा ठिपका

ही घटना शंभर टक्के खरी आहे. औंधच्या यमाईची शपथ.

शपथ बायकोने घ्यायला लावली. लॅपटॉपच्या बाबतीत माझ्या नुसत्या शब्दावर तिचा भरवसा उरलेला नाही.

स्थळ सातारा. वेळ संध्याकाळी साडेसात. अमावस्या होती असं लिहिणार होतो, पण कॅलेंडर पाहिलं. ती आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

नवा लॅपटॉप मी त्याच दुपारी सांगलीहून आणला होता, चिंतामणच्या दुकानातून. चिंत्या माझा कॉलेजचा रूममेट. तीस वर्षांची दोस्ती. दुकानात मी खोकं उघडलं नाही. आपल्या माणसासमोर माल तपासून घेणं मला जमत नाही.

घरी झाकण उघडलं...

टक्.

नखाने काच वाजवावी तसा आवाज.

आणि पांढऱ्या स्क्रीनवर पाच काळे ठिपके.

बोटाने पुसले. ओल्या फडक्याने पुसले. गेले नाहीत. याला डेड पिक्सेल म्हणतात, हे इंटरनेटवर वाचलं. चिंत्याला फोन केला.

"पाच असतील तर कंपनी बदलून देती. चारला देत न्हाई. ये घेऊन."

सकाळची एसटी धरली. इस्लामपूरला गाडी थांबली तेव्हा न राहवून झाकण उघडलं. टक्. शेजारच्या आजोबांना म्हटलं, "जरा बघता का, किती ठिपके दिसतात?"

"पाच हायत की. नवा हाय न्हवं?"

"कालच घेतला."

"मग लय लौकर किडला."

दुकानात पोचलो. झाकण उघडलं...

आवाज आला नाही.

ठिपके चार.

उजव्या कोपऱ्यात पाचवा होता, तिथे... काहीच नव्हतं.

चिंत्याने मान वाकडी करून दोनदा मोजले. "चारच हायत गड्या. डोळं तपासून घे." मग आल्याचा चहा पाजला.

रात्री घरी. झाकण उघडलं...

टक्.

पाच.

अशा तीन खेपा झाल्या. मोबाईलने फोटो काढून पाठवला, तर फोटोतही चार.

शेवटी पुन्हा फोन लावला. उचलला पद्मावहिनींनी, चिंत्याच्या बायकोने.

"हे आंघोळीला गेलेत, भावजी." मग एकदम आवाज खाली आला. "झाकण उघडताना टक् वाजतं का हो... अजून?"



आवाजाबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

"तुम्हाला कसं माहीत, वहिनी?"

"अहो, महिनाभर आमच्या घरातच होता की! घरी पाच, दुकानात चार. कंपनीचा माणूस आला, तरी चारच. मला तर त्या खोलीत एकटीला बसवायचं नाही. मग हे म्हणाले, साताऱ्याला देऊ. तो आपला माणूस आहे, खोकं उघडून बघायचा नाही."

मी फोन ठेवला.

त्यानंतर चिंत्याचा फोन आला नाही. मीही केला नाही. पाचवा ठिपका दुकानात कुठे जातो, मला माहीत नाही. परवा तो कोपरा सोडून थोडा मध्ये सरकल्यासारखा वाटला...

बाकी लॅपटॉप चांगला चालतो. बॅटरी सहा तास टिकते.