शेवटच्या पानावरची चूक

त्यांची पहिली भेट झाली ती तिच्या चुकीमुळे. ती डेटाबेसची माहितीपुस्तिका लिहायची. त्यात मुळात लॉगिन कोणी केलं हे सांगणारं एक फंक्शन होतं, आणि आत्ता कोणाच्या अधिकारात काम चाललंय हे सांगणारं दुसरं. तिने दोन्हींच्या माहितीची अदलाबदल करून टाकली होती. पान तपासणारा तीन जिने चढून वर आला आणि धापा टाकत म्हणाला, "हे वाचून माणूस स्वतःलाच ओळखायचा नाही हो."

ती हसली... आणि तिथेच फसली.

त्यानंतर प्रत्येक पानात ती एखादी चूक मुद्दाम ठेवू लागली. शेरा काय, फोनवरही सांगता आला असता. पण हा पठ्ठ्या दर वेळी वर यायचा, तिचं पेन हातात घेऊन खेळत बसायचा, आणि तो गेला की अर्धा तास तिचं कशात म्हणून लक्ष लागायचं नाही.

आज शेवटचं पान. पाचला पुस्तिका प्रसिद्ध होणार होती आणि सोमवारपासून त्याची बदली दुसऱ्या शाखेत. तिने चूकही ढळढळीत ठेवली: वापरणाऱ्याची भूमिका, म्हणजे अधिकार, बदलला तरी त्या दुसऱ्या फंक्शनचं उत्तर बदलत नाही. तीन वाजले, चार वाजले. जिन्यात पाऊल वाजलं की तिचा जीव खालीवर व्हायचा, आणि येणारा भलताच कोणी निघायचा.

साडेचारला स्क्रीनवर त्याचा शेरा आला. 'तपासलं. बरोबर आहे.'

वाचलंच नाही की काय त्याने? की आपलाच कंटाळा आला? ती उठली आणि धडाधड जिने उतरली.

"तुम्ही पान वाचलंत?"

"तीनदा."

"मग चूक दिसली नाही?"

"दिसली की. दर वेळी दिसते." त्याने शेजारची खुर्ची पुढे ओढली. "नेहमी मीच वर यायचो. म्हटलं, आज चूक तशीच सोडून बघू... तुम्ही खाली येता का."

तिचे कान तापले. म्हणजे याला पहिल्यापासून ठाऊक होतं तर. दोघांनी मिळून वाक्य दुरुस्त केलं.

"सोमवारपासून मी तिकडे," तो म्हणाला. "आता चुकलात तर —"

"नाही चुकणार." ती मध्येच म्हणाली. "सगळं अगदी बरोबर लिहीन. तरी येशील तू?"