पोत्यातल्या घोरपडी

पोतं ओलं होतं. डॉ. सुरभीच्या हाताला आधी तेच जाणवलं.

घाटंजीजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात मे महिन्यातली सकाळ लवकरच तापली होती. दारात वनक्षेत्रपाल भगत उभे होते. त्यांच्या मागे वनरक्षक अमर. अंगावर खाकी, पायात मात्र रबरी चप्पल.

सुरभीनं सुतळी कापली. टेबलावर एकेक करून सात घोरपडी निघाल्या. सगळ्या मेलेल्या.

“कुठं सापडल्या?”

“तांड्यावर, मॅडम,” अमर म्हणाला. “रामसिंगच्या गोठ्यात, कडब्याखाली. कुत्रे लावून धरल्या असतीन. जुना शिकारी हाये थो.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“सकाळी गस्तीवर होतो. वास आला.”

भगत म्हणाले, “कायद्यानं घोरपड वाघाच्याच रांगेत येते. गुन्हा सिद्ध झाला तर तीन वर्षांच्या खाली सुटका नाही. रामसिंग कबूल होत नाही. तुमचा अहवाल आला की त्याला कोर्टापुढं उभं करतो.”

सुरभीनं पहिली घोरपड उताणी केली. कातडी स्वच्छ होती, जरा जास्तच. गळ्याला फासाचा वळ नव्हता, हाड मोडलेलं नव्हतं, कुत्र्याच्या दाताची खूण नव्हती. शेपटीचं टोक मात्र आखडलेलं. तिनं श्वासनलिका चिरली आणि थांबली. नळी आतून काळी होती. मग एकेक करत बाकीच्या सहाही पाहिल्या. त्याही तशाच.

“अहवाल संध्याकाळी देते,” ती म्हणाली. “आधी मला जागा बघायची आहे.”

“तिथं काय हाये पाह्याले?” अमर लगेच म्हणाला. “ऊन पाहा केवढं हाये.”

तो जीपकडे निघाला तेव्हा उजवी टाच टेकत नव्हता.

“पायाला काय झालं?”

“काटा भरला.”

रामसिंग जीपमध्ये दोन वनमजुरांच्या मध्ये बसला होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, डोळे जागरणानं लाल. त्याचं घर तांड्याच्या अगदी टोकाला. गोठ्यात कडब्याजवळची माती अजून ओलसर होती. बाकी अंगण भेगाळलेलं. दाराशी निळा ड्रम, त्याच्या झाकणाला कुलूप.

“रामसिंगभाऊ, पाण्याला कुलूप?”

“मंग काय करता? टँकर आला तं आला, नाई तं नाई. साऱ्या तांड्यात असंच हाये.”

“कुत्रे किती तुमच्याकडं?”

“एकच होता. त्याले घोणस चावली. गेला.”

“कधी?”

“जंगल कटलं त्याच्या बाद. आधी सालातून एखांदा साप दिसे. आता चुलीमागं साप, खाटेखाली साप. माह्या याडीनं, मायनं, सकाळी खाटेखाली पाय ठेवला अन् चावला. यवतमाळच्या दवाखान्यात पडली हाये बिजलीबाई. मी तिच्याजवळच होतो. काल सांजेले तिचे लुगडे न्यायले आलतो. तवर घर बंद.”

“घोरपडी तुम्ही धरल्या?”

“बाई, याडीचा पाय काळा पडून राह्यला अन् मी शिकार करत फिरन?”

गोठ्यामागं तोडीचा पट्टा सुरू होत होता. त्याला सगळे कूप म्हणत. जीप तशीच आत नेली. सागाचे बुंधे तेवढे उरले होते आणि सगळीकडे काळी राख. अधूनमधून पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलेली जुनी पोकळ झाडं उभी होती. ती मुद्दाम राखायची होती, कारण त्यांच्या ढोलीत घोरपडी आणि साप राहतात. पण ती आतून जळाली होती.

भगत जागीच थबकले. “हे कधी झालं?”

“परवा वणवा आला, साहेब,” अमर खाली बघत म्हणाला. “रिपोर्ट करणारच होतो.”

पलीकडे तोडीचा मुकादम बबनराव लाकडाच्या ढिगापाशी बसला होता. ढिगाला आगीची झळही नव्हती. भोवतालचा पाला झाडून काढलेला होता.

“बबनराव, आग तुम्ही लावली?” सुरभीनं विचारलं.

“मी कायले लावू? माहं काम तोडण्याचं, जाळण्याचं नाई. परवा मी मानसायले घेऊन लग्नाले पुसदले गेलतो. आलो तं सारं काळं.”

“मग ढिगाभोवतीचा पाला कोणी झाडला?”

“आमी नाई. येऊन पाहतो तं झाडेल होता. बरं झालं म्हटलं, माल वाचला.”

सुरभी एका जळक्या झाडाच्या बुडाशी वाकली. ढोलीच्या तोंडाखाली राखेत काळ्या रबराचा तुकडा चिकटला होता. जाड, वितळलेला, एका कडेला खाचा शिल्लक. तिनं तो रुमालात घेतला आणि उठली.

“भगतसाहेब, या घोरपडी कोणी धरल्याच नाहीत. सातही जणींच्या श्वासनलिकेत काजळी आहे. दुपारच्या उन्हाला त्या ढोलीत होत्या आणि आतच धुरानं गुदमरल्या.”

“वणव्यात?”

“वणवा लाकडाचा ढीग आधी झाडून घेत नाही. पाला जाळून जागा साफ करायला ही आग लावली. लावणाऱ्याला माल वाचवायचा होता, तो त्यानं वाचवला. पोकळ झाडांभोवतीचा पाला काढून जाळरेषा आखायचं मात्र राहून गेलं.”

“मग बबनरावच की.”

“मेलेल्या घोरपडी कोणीतरी धुतल्या. पोतं ओलं होतं, कातडीवर राखेचा कण नव्हता. पिण्याच्या पाण्याला कुलूप लावणारा रामसिंग सात घोरपडी धुणार? आणि मजुरांच्या पायात असे बूट असतात का?” तिनं रुमाल उघडला. “हा तुकडा खात्याच्या बुटाच्या तळाचा आहे. वनरक्षकाच्या नाक्यावर बोअर आहे, पाणी हवं तेवढं. अमर, साप निघणाऱ्या रानात तुम्ही चपलेनं का फिरताय? टाच दाखवा.”

अमर राखेतच खाली बसला. त्याची टाच पिवळ्या मलमानं माखलेली होती.

“मजूर नव्हते, साहेब. पाऊस यायच्या आत जागा साफ पाह्यजे म्हणून वरून रोज फोन येत होते. म्हटलं, एकट्यानंच करतो.” त्यानं टाच हातात धरली. “आग झाडायकडं गेली तं आतून नखं वाजून राह्यले होते. खोडाच्या आत. मी हात घातला, मॅडम. एकबी जितं निघालं नाई.”

“आणि मग रामसिंगच्या गोठ्यात?” भगत ओरडले.

“नोकरी जाईन वाटलं. त्याचं घर बंद होतं. त्यानंच केलं म्हटलं तं साऱ्यायले पटलं असतं.”

रामसिंग पुढं आला. “तू माह्या घरी चहा पेला हाये, अमर,” तो एवढंच म्हणाला.

भगतांनी अमरचा जबाब घेतला आणि रामसिंगला तिथंच मोकळं केलं. बबनराव कधी उठून गेला, कोणाला कळलं नाही. सुरभी मात्र राखेकडे बघत उभी होती. एका पोत्याचा उलगडा झाला होता. पण जे पळू शकले नाहीत ते इथं जळाले, आणि जे पळाले ते बिजलीबाईच्या खाटेखाली जाऊन बसले, हे कोणत्या कलमात बसवायचं?

“पुढची तोड कुठं आहे?” तिनं विचारलं.

“नाल्याच्या पलीकडं,” भगत म्हणाले. “जाळू देणार नाही मी. तोड थांबवणं माझ्या हातात नाही.”

परतताना तांड्याशी जीप थांबली. “उतरा, रामसिंगभाऊ,” भगत म्हणाले. “घर आलं.”

रामसिंगनं बंद दाराकडे पाहिलं. तो उतरला नाही.

“एष्टी स्टँडवर सोडा, साहेब. याडीले दोन दिवसांनी सुट्टी भेटते दवाखान्यातून. तिले मी पुसदले बहिणीकडं ठेवतो. इथं नाई आणत.”

भगतांनी गाडी वळवली.