एकशे सतरावं वाक्य

"तुमच्या बाबांचं डोकं केवढं आहे?"

कॉरिडॉरच्या वळणावर तिला जवळजवळ धडकलेल्या तरुणाचा हा पहिला प्रश्न. त्याच्या एका हातात बिनसुईची सिरिंज होती, दुसऱ्या हातात भोकाभोकांच्या तीन टोप्या. आपण काही विचित्र विचारलंय याची पुसटशी जाणीवही चेहऱ्यावर नव्हती.

"साडेछप्पन्न," ती म्हणाली.

तो थबकला. "सेंटिमीटर?"

"मग काय, किलो?"

कपड्यांचं फिटिंग करून देणं हा तिचा धंदा. मोजपट्टी गळ्यात घालूनच ती घराबाहेर पडायची आणि दिसेल त्याचं माप नजरेनं घ्यायची. याचंही घेतलं. खांदे अठरा, बाही चोवीस, कान जरा मोठे... पण कानांचं माप कुणी शिवत नाही, हे लक्षात येऊन तिनं नजर वळवली.

ती आली होती बाबांना घेऊन. वय वाढलं, तब्येत मात्र ठणठणीत आहे, अशा माणसांच्या मेंदूत कानावर पडलेला शब्द कसा उलगडतो, याचा या प्रयोगशाळेत अभ्यास चालायचा. तीन बुधवार यायचं, डोक्यावर टोपी घालायची, भोकांतून थंडगार जेल आणि वायरी लावून घ्यायच्या आणि शब्द ऐकायचे. 'ठणठणीत ज्येष्ठ हवेत' ही जाहिरात वाचून तिनं अडुसष्ट वर्षांच्या बाबांचं नाव दिलं होतं. बाबांना सांगितलं, विज्ञानाची सेवा. खरं कारण वेगळंच होतं.

गेले काही महिने बाबा उशिरा उत्तर द्यायला लागले होते. "चहा टाकू?" विचारलं की एक पोकळी पडायची. मग, "टाक." त्या पोकळीत तिचा जीव टांगणीला लागायचा. मोठ्या काकांचंही असंच सुरू झालं होतं. आधी उत्तरं उशिरा, मग उलटसुलट, मग उत्तरंच नाहीत. ती पोकळी तिला सहनच व्हायची नाही, म्हणून बाबांची वाक्यं तीच संपवून टाकायची. बाबा तिला 'घाईबाई' म्हणायचे. तेसुद्धा हल्ली जरा थांबून.

"रिपोर्ट कधी मिळेल?" बाबा आत टोपीत बसल्यावर तिनं त्या धडकलेल्या वायरवाल्याला विचारलं.

तो विचारात पडला. एक... दोन... तीन. हाही तसलाच निघाला!

"मिळत नाही," तो म्हणाला. "हे यंत्र आजार सांगत नाही. आम्ही चाळीस जणांची सरासरी काढतो."

"म्हणजे माझ्या बाबांना आणखी एकोणचाळीस जणांत ढवळणार?"

"हो," तो गंभीरपणे म्हणाला. "हळूहळू."

ती हसणार नव्हती. हसली.

"तुम्ही सगळ्यांनाच इतक्या उशिरा उत्तर देता?"

"दोन वर्षं आजोबा-आजींबरोबर काम करतोय. त्यांचं बोलणं संपलंय की श्वास घेतायत, ते कळायला थांबावं लागतं. सवय लागली." मग तिच्याकडे न बघता वायर गुंडाळत म्हणाला, "वयाबरोबर शब्द ओळखायला मेंदूला थोडा जास्त वेळ लागतो. जास्त जागा कामाला लावाव्या लागतात. पण अर्थ बहुतेकदा नीट पोचतो. उशीर म्हणजे आजारच, असं नाही."

"आणि असलाच तर?"

तो थांबला. "ते मला माहीत नाही," तो म्हणाला. उगीच धीराचं काही बनवून सांगितलं नाही. हे तिला आवडलं. मग आवडल्याचा राग आला.

दुसऱ्या बुधवारी तो कॉरिडॉरमध्ये वहीवर डोकं धरून बसला होता. बाबा आत शब्द ऐकत होते.

"काय झालं?"

"पुढच्या सत्राला दोनशे वाक्यं लागतात. निम्मी सरळ, निम्म्यांचा शेवटचा शब्द चुकीचा. ऐकणाऱ्यानं सरळ वाक्याला हिरवं बटण दाबायचं, चुकीच्याला लाल. चुकीच्या शब्दाला मेंदू दचकतो. तरुणांचा पटकन, ज्येष्ठांचा जरा उशिरा, जरा बेतानं. तो दचका मोजायचा. पण मला मूर्खपणा सुचत नाहीये."

"आण इकडे," ती म्हणाली आणि जीभ चावली. "म्हणजे... आणा."

तिनं लिहिलं : 'बाबांनी पेपर वाचला, घडी घातली आणि पेरला.' मग : 'डॉक्टरांनी तिला दिवसातून तीनदा जिना गिळायला सांगितला.' तो वाकून वाचत होता. त्याच्या बोटांना जेलचा गार वास येत होता.

"'तिनं दार उघडून पाहुण्यांना उकळलं,'" त्यानं सपाट आवाजात वाचलं. "तुमच्या घरी जपून यायला हवं."

"बोलावलंय कुणी?"

एक... दोन... "अजून नाही," तो म्हणाला आणि टोपी धुवायला निघून गेला.

हे 'अजून' तिनं मनातल्या मनात दोनदा उसवून पुन्हा शिवलं. त्याच तंद्रीत तिनं लिहिलं : 'ती बाबांचं निमित्त सांगते, पण तिला खरं तर वायर लावणारा माणूस आवडतो.' चुकीचा शेवट सुचला की 'आवडतो' खोडायचं, असं ठरवलं. सुचेना. तेवढ्यात दार उघडलं, बाबा केसांत जेल घेऊन भिजलेल्या पक्ष्यासारखे बाहेर आले, वायरवाल्यानं "थँक्यू हं" म्हणत वही उचलली, आणि ती बाबांचं डोकं पुसण्यात गुंतली.

जाताना तिनं विचारलं, "निदान बटणांच्या किती चुका होतात, एवढं तरी सांगाल?"

"तेवढं नियमात बसतं. शेवटच्या बुधवारी."

तो आठवडा कसा गेला ते तिचं शिलाई मशीनच जाणे. एका गिऱ्हाइकाच्या पँटला तिनं दोन्ही पाय एकाच लांबीचे ठेवले नाहीत. एक-दोन चुका चालतील, ती स्वतःला बजावायची. दहा झाल्या तर? वीस?

तिसऱ्या बुधवारी त्यानं तिला काचेच्या अलीकडे, पडद्याशेजारी बसायला खुर्ची दिली. पलीकडे बाबा हेडफोन लावून शांत बसले होते. पडद्यावर वाक्याचा नंबर सरकत होता. अडतीस, एकोणचाळीस. भिंतीला छापील यादी टाचलेली होती. ती सहज वाचत गेली, आणि एकशे सतरावर तिला तिचंच न खोडलेलं वाक्य दिसलं.

त्याच्यापुढे, चुकीच्या वाक्यांच्या रकान्यात, व्यवस्थित लाल ठिपका होता.

आणि सगळी वाक्यं त्यानंच वाचून रेकॉर्ड केली होती, हे मघाशी त्यानंच सांगितलं होतं! याचा अर्थ त्याला माहीत होतं. मग चेहरा असा धुतलेल्या पाटीसारखा कसा? ओरडून थांबवावं? पण थांबवलं तर बाबांचं सत्र वाया, आणि तिला हवा असलेला एकमेव आकडाही गेला. त्र्याण्णव. एकशे चार. तिनं मोजपट्टीची बोटाभोवती इतकी गुंडाळी केली की बोट निळं पडलं. एकशे सोळा.

एकशे सतरा.

बाबा थांबले. किती थांबले! मग त्यांच्या भुवया वर गेल्या, मान काचेकडे वळली, आणि बोटानं बटण दाबलं. हिरवं.

सत्र संपल्यावर वायरवाल्यानं आकडा बघितला. "दोनशेपैकी एकशे नव्व्याण्णव बरोबर. एकच चूक. एकशे सतरा."

एक म्हणजे काहीच नाही. तिला नाचायला हवं होतं. पण ती एक कुठली, हे ठाऊक असल्यामुळे ती खुर्चीला चिकटून राहिली.

बाबा टॉवेल डोक्यावर घेऊन बाहेर आले. आयुष्यभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. कुणी त्यांच्या कामात चूक काढलेली त्यांना खपायची नाही. ते उभे राहिले. पोकळी पडली. ती संपवायला तिच्या तोंडात दहा वाक्यं आली. तिनं दात घट्ट मिटले.

"चूक माझी नाही," बाबा म्हणाले. "ते वाक्य सरळ आहे. तुमच्या ठिपक्याचा रंग चुकलाय."

वायरवाल्यानं यादी काढली. वाचली. मग पुन्हा वाचली.

"अहो, तुमचाच आवाज आहे ना तो?" बाबांनी विचारलं.

"वाचताना अर्थ आवाजात उतरता कामा नये," तो पुटपुटला. "म्हणून मी... अर्थ लावतच नाही."

"मग आता लावा की. मी लावला. जरा वेळ लागला, पण लागला." बाबांनी टॉवेल खाली घेतला. "लिफ्ट बोलावली की येते, घाईबाई. अडुसष्टाव्या मजल्यावरून यायची म्हणजे एवढं तेवढं व्हायचंच. म्हणून रोज माझ्या तोंडाकडे बघत बसायचं नाही."

म्हणजे बाबांना सगळं माहीत होतं. टांगलेला जीवसुद्धा. तिला एकदम रडू फुटेल असं वाटलं, पण आत्ता त्याला जागाच नव्हती, कारण समोर वायरवाल्याचे कान लाल होत चालले होते. आधी पाळी, मग कडा. मोठे असल्यामुळे वेळ लागला.

एक... दोन... तीन... चार... नाही म्हणणार. नियम सांगणार. वाक्य बाद करून वहीत कारण लिहिणार...

"पुढच्या बुधवारी," तो म्हणाला, आणि घसा साफ केला, "बाबांचं सत्र नाही. कुणाचंच नाही. कुठलंच निमित्त नाही... तरी याल?"

तिनं तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदाच त्यात एकही शब्द तयार नव्हता. ती नुसती उभी राहिली, निळ्या बोटाची, पापणी न हलवता.

"येईल," बाबा म्हणाले.

क्षणभरही न थांबता.