सुमनची विहीर

रांध्याच्या शिवारातल्या विहिरींचं पाणी तपासायचं, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. आदिवासी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष जागेवर नेऊन संशोधन शिकवायची ती योजना. ममता बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची. बाकीची मुलं ओढ्याकडे गेली आणि श्रीकांत सर तिला घेऊन एका पडीक विहिरीवर आले.

मागच्या वर्षी याच योजनेत आलेली, ममताच्याच पाड्यावरची सुमन इथेच गेली. तळाशी साचलेल्या वायूनं गुदमरली. आगाऊपणा करून आपणहून उतरली, असं सरांनी सांगितलं आणि कॉलेजनं ते मानलं. दोघींच्या पाड्यानं मात्र मानलं नाही. विहिरीत डोकावायलाही भिणारी पोर ती.

ऊन कलत होतं. ममतानं दोराला बांधलेली बाटली खाली सोडली. ती बुडाली आणि कुठेतरी अडकली. वारा पडलेला, तरी सडक्या शेवाळाचा वास वर येऊ लागला.

"उतर आणि सोडव," सर म्हणाले. "पायऱ्या आहेत की."

ममता जागची हलली नाही. "सुमनला पण असंच म्हणाला होतात, सर?"

उत्तर आलं ते खालून, अगदी शांतपणे. आवाज सुमनचा होता.

"सर... बाटली सापडली. घ्यायला या ना..."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मान नाही नाही म्हणत होती आणि पाय पायऱ्या उतरत होते. छातीपर्यंत अंधारात गेल्यावर त्यांनी दोर घट्ट धरला. "ममता, ओढ मला," एवढंच कसंबसं म्हणाले.

तिनं पाय रोवून ओढलं. एवढा वर्षभराचा राग, पण त्या क्षणी तिला तो आठवलाही नाही. तेवढ्यात तिच्या मुठींवर दोन गार, ओले हात आले. त्यांनी तिची बोटं एकेक करून उलगडली, लहान मुलाच्या मुठीतून काही काढून घ्यावं तशी.

"तू नको ओढू..." कानाशी कुणी म्हणालं.

दोर सुटला.

दिवेलागणीला अग्निशमन दलाच्या जवानांनी सरांचा देह वर काढला. पाणी जेमतेम गुडघाभर होतं. दोर मात्र वर येईना. एका जवानानं जोर लावून पाहिला, मग कंटाळून सोडून दिला.

तेव्हा काठावर पडलेलं दोराचं वेटोळं उलगडत विहिरीत जाऊ लागलं. सावकाश, थांबत थांबत, कुणी खाली बसून हातावर गुंडाळून घेत असावं तसं.