पोकळ वाजलेली फरशी

विश्वास ठेवा किंवा सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी घडलंय. रात्री-बेरात्री नाही, भर दुपारी, लख्ख उजेडात.

आत्या म्हणजे महाफटकळ. मनात आलं की ओठावर आलंच.

तिने बाथरूमचं काम काढलं होतं. आजोबा पाय मोडून दवाखान्यात होते. ते घरी यायच्या आत जुनी निसरडी फरशी बदलायची होती.

मिस्त्री मात्र चांगला मिळाला. प्रत्येक फरशी बसवली की थापीच्या दांड्याने ठोकायचा, कान देऊन ऐकायचा. भरीव वाजली तरच पुढची.

पाणी जायच्या जाळीजवळची एक पोकळ वाजली.

"ताई, हिच्याखाली माल कमी पडलाय. उद्या उचलून परत बसवतो. तोवर हिच्यावर पाय देऊ नका."

तो उद्या काही उगवला नाही.

आत्याने फोन लावला. रिंग जायची... कोणी उचलायचं नाही.

चार दिवस हेच. मग आजोबांना घरी सोडणार असा निरोप आला आणि आत्याचा पारा चढला. शेजारणी चहाला बसल्या होत्या. त्यांच्यादेखत तिने मिस्त्रीला व्हॉइस मेसेज केला. रोजचं अहो-जाहो गेलं खड्ड्यात.

"मेलास की काय रे? मेला असशील तर तसं तरी येऊन सांग!"

शेजारणी खो खो हसल्या. आत्याही हसली. तिला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरात एकटीच भांडी घासत होती. तेवढ्यात...

टक.

टक... टक...

बाथरूममधून. तोच दांड्याचा आवाज.

"उगवलात का महाराज!" म्हणत तिने तणतणत दार ढकललं.

आत कोणी नव्हतं.

आवाज मात्र चालूच होता. भिंतीकडून एकेक फरशी पुढे येत होता... जाळीजवळ आला...

आणि थांबला.

आत्याने हातातला चमचा त्या फरशीवर वाजवून पाहिला. भरीव! सांध्यातलं सिमेंट बोटाला ओलं लागलं.

तेवढ्यात बेल वाजली. ती केवढी तरी दचकली.

दारात वायरमन. मिस्त्रीच्या जोडीने कामं करणारा.

"ताई, मिस्त्रीची हत्यारं न्यायला आलोय. तो गेला हो... तुमच्याकडून निघाला, त्याच संध्याकाळी दुसऱ्या कामावर परांचीवरून पडला."

"अहो, पण रिंग तर जात होती!"

"कशी जाईल? फोन खिशातच होता. चुराडा झाला त्याचा."

आत्याने मोबाइल उघडला. तिच्या मेसेजवर निळी खूण होती.

ऐकलेला होता.

भीती नंतर वाटली. आधी वाटली ती लाज. गेलेल्या माणसाला तिने चारचौघींत "मेलास का" विचारलं होतं, वर दात काढले होते. आणि तो बिचारा, बोलावलं म्हणून येऊन गेला होता. काम पुरं करून.

त्याच संध्याकाळी तिने दुसरा मेसेज केला.

"मिस्त्री, माझं चुकलं हो. माफ करा मला."

आजोबा आता रोज त्या फरशीवरून चालतात. एकदाही घसरले नाहीत. आत्या मात्र तिच्यावर पाय देत नाही.

वर्ष होत आलं. शिवी ऐकली गेली. माफीवरची खूण अजून करडीच आहे... आत्या रोज दुपारी मोबाइल काढून बघते.