आठवं पॅड

मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले, ती भांडायलाच.

नाचाच्या हॉलमध्ये त्या दुपारी आम्ही दोघंच होतो. मी स्टेजवर टेबल मांडून सराव करत होते आणि तो खाली गुडघ्यांवर बसून नवा लाकडी फ्लोअर ठोकत होता. आणि त्याचा तो हातोडा माझ्या प्रत्येक ठोक्याच्या किंचित मागे पडत होता. किंचित! पार चुकला असता तरी चाललं असतं. हे म्हणजे घासागणिक दाताखाली खडा.

"अहो, जरा थांबता का?"

त्यानं वर पाहिलं. केसांत भुसा, ओठांत दोन खिळे. ते त्यानं सावकाश काढून तळहातावर ठेवले.

"तुम्हीच थांबा ना. माझा खिळा अर्ध्यात आहे."

"माझं गाणंही अर्ध्यात आहे!"

"मग दोघंही पुरं करू," असं म्हणून त्यानं खुशाल हातोडा उचलला.

आगाऊ! राग आला, खरंच आला... पण त्या रागात हसू कुठून मिसळलं, ते मला कळलं नाही.

माझी चिडचिड उगाच नव्हती. शनिवारी संध्याकाळी हॉल नव्यानं उघडणार होता आणि ती संध्याकाळ मालकीणबाईंनी मला दिली होती, पारखून बघायला म्हणून. "गाणी तर माझा फोनही वाजवतो," त्या म्हणाल्या होत्या. "तू वेगळं काय करतेस ते दाखव. जमलं तर दर शनिवार तुझा. नाही तर मी दुसरं कुणी बघते." घरी तर विचारूच नका. दादा बँडमध्ये ड्रम वाजवतो, म्हणून तो कलाकार. आणि मी? लहानपणापासून 'भोंगा'. "बटणं काय गं, लिफ्टमनही दाबतो," हे त्याचं आवडतं वाक्य. त्यामुळे शनिवार म्हणजे माझ्यासाठी सरळ सरळ नाकाचा प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी स्टेजवरचा सॉकेट ठिणग्या टाकायला लागला. मी कुणाकडे काही मागत नाही, ती माझी पद्धतच नाही. पण मी सॉकेटकडे डोळे वटारून बघत असतानाच सुतार आपला लांब वायरचा बोर्ड घेऊन स्टेजवर आला.

"घ्या. मी माझं मशीन पलीकडे लावतो."

"...थँक्यू."

"बाप रे, हेही येतं तुम्हाला?" तो गेला नाही. टेबलाशी रेंगाळला. "हा डबा कसला?"

"इफेक्टचा. गाणं इकडून आत जातं, तिकडून बाहेर येतं आणि मधे मी त्याचे लाड करते. हे मोठं बटण फिल्टर. डावीकडे फिरवा. हळू!"

हळू सांगायची गरज नव्हती. इतक्या जाड बोटांनी इतक्या हलकेच काही फिरवताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. गाणं दबत दबत गेलं.

"शेजाऱ्यांकडे गेलं की गाणं!"

"आता उजवीकडे."

"आता फोनमधून येतंय..."

"मधोमध आणलं की जसंच्या तसं. आणि हा एको. शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, मग विरत जातो."

"आमच्या आईकडे आहे हे. विरत मात्र नाही."

मी फस्सकन हसले. मग त्याला टॅपचं बटण दाखवलं. त्यावर बोटानं ठेका धरला की डब्याला गाण्याचा वेग कळतो आणि सगळे इफेक्ट त्या वेगानं चालतात. त्यानं ठेका धरला. अर्थात, मागे.

"तुम्ही मागे पडता," मी म्हटलं.

"पडत नाही, थांबतो. घाव घालायच्या आधी एकदा नीट बघून घेतो." आणि असं म्हणताना तो नीट बघत होता — माझ्याकडे. माझं बोट कुठल्या बटणावर पडलं कोण जाणे, एको वाजतच राहिला.

डब्याच्या उजव्या अंगाला आठ रबरी पॅड होती. एकेका पॅडमध्ये एकेक आवाज भरून ठेवायचा आणि गाणं चालू असताना बोटानं हवा तिथे टाकायचा. माझ्या पॅडमध्ये दोन पेले एकमेकांवर आपटल्याचा आवाज होता, आमच्या स्कूटरचा खोकला होता, दादाचा चोरून घेतलेला ड्रमही होता. कित्येक महिने गोळा केलेले आवाज. फक्त डबा जुना, बोर्डवर लावला त्याच रात्री त्याचं आवाज जपून ठेवणारं कार्ड बिघडलं. चालू आहे तोवर सगळं आठवतं, बंद झाला की कोरा. म्हणून मी तो बंदच करत नव्हते.

शनिवार उजाडला. दुपारी मी घरून जेवून हॉलमध्ये आले आणि दारातच थांबले. फ्लोअर पुरा झाला होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत मधाच्या रंगाचा आणि कुठे सांधा म्हणून दिसेना. तो मधोमध उभा राहून त्याच्याकडे पाहत होता, घरचं कार्य पार पडल्यावर बाप जसा मांडवाकडे बघतो तसा. बघता बघता कोपरापासून अंगठ्यापर्यंत वायर गुंडाळत होता. काम संपलं की वायर गुंडाळायची, हाताची जुनी सवय. आणि त्या वायरच्या टोकाला बोर्ड लोंबत होता.

माझा बोर्ड.

मी धावले. डब्यावर एकही दिवा नव्हता. पुन्हा जोडला, चालू केला, पॅडवर बोट मारलं. एक, दोन, तीन... सगळी मुकी.

"काय केलंस तू! अरे, अक्कल आहे का तुला? सगळं गेलं माझं... सगळं!"

त्याच्या हातातली वायर खाली पडली. मी टेबलाकडे पाठ केली, कारण मला रडताना कुणी पाहिलेलं चालत नाही. सफाई नाही, माफी नाही. मग त्याची पावलं दूर जाताना ऐकू आली. जा, मी मनात म्हटलं. पळून जा.

पावलं परत आली. त्यानं हत्यारांची पिशवी माझ्या टेबलाशी उपडी केली.

"चूक माझी आहे, ती मी भरून देणार," तो म्हणाला. "तुझे आवाज मला आणता येणार नाहीत. माझे घे."

"...हे?"

"दार पाचला उघडतंय ना? मग रडायचं उद्या. आधी माईक आण." मग जरा थांबून, "आणि रागानं का होईना, तू मला तू म्हणालीस. ते आता बदलू नकोस."

मी नाक पुसलं आणि माईक आणला.

जाड फळीवर हातोडा — दम्म! इतका भरीव ठोका दादाच्या ड्रमलाही कधी आला नव्हता. रंधा लाकडावरून गेला की 'श्शाक', एकदम हलका. पटाशीची टिकटिक. कानशीची खरखर. मुठीतल्या खिळ्यांची खुळखुळ. मोजायची टेप सोडली की सर्रर्र-टक! करवतीचं पातं वाकवून सोडलं, तर ते असं काही थरथरलं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघतच राहिलो. मी एकेका आवाजाची पुढची-मागची शांतता कापत होते, कुणाला खालच्या सुरात उतरवत होते, कुणाला थोडा एको लावत होते. तो माझ्या खांद्याशी वाकून ऐकत होता. त्याच्या शर्टाला ओल्या लाकडाचा वास होता.

"सातवा झाला," तो म्हणाला. "आठव्यात काय?"

पिशवी तर रिकामी झाली होती. मी स्टेजवरून खाली पाहिलं.

"तुझा फ्लोअर."

मग आम्ही मधोमध उभे राहिलो, माईक जमिनीशी ठेवून. एकदम उडी मारायची आणि एकदम उतरायचं. पहिल्यांदा तो मागे पडला. दुसऱ्यांदाही.

"नको ना एवढं बघत बसू!"

"मग हात धर."

मी धरला. त्याचा हात खरखरीत होता आणि माझा, का कोण जाणे, गार पडला होता. एक, दोन — आणि आमचे चारही पाय एका क्षणी खाली आले. सगळा फ्लोअर एकाच आवाजात बोलला. तसंच स्टेजवर जाऊन मी रेकॉर्डिंग थांबवलं. हात सोडायला मात्र दोघंही विसरलो.

पाचला दार उघडलं. लोक आले, मालकीणबाई आल्या, दादाही आला, अर्थात गंमत बघायला. सुरुवातीला मी साधी गाणी लावली. माणसं भिंतींना चिकटून उभी. मग मी टॅपवर ठेका धरला, फिल्टर डावीकडे नेला, गाणं पार तळाशी दाबून धरलं... धरलं... आणि त्या अंधाऱ्या आवाजावर एकटा रंधा सोडला. श्शाक, श्शाक. माना वळल्या. मग पटाशी आली, टेप आली, हातोडा आला. फिल्टर मधोमध आणला आणि त्याच क्षणी आठवं पॅड!

हॉल उसळला. भिंती रिकाम्या झाल्या. माझी बोटं कुठे जात होती ते मी बघतही नव्हते, त्यांना सगळं ठाऊक होतं. मला माझा इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

दादा घामाघूम होऊन स्टेजपाशी आला. "ए भोंगा! हा ड्रम कुणाचा गं?"

"ड्रम नाही रे. फळी आहे."

"मला शिकव ना," तो म्हणाला. हे माझ्या दादानं म्हटलं.

गाणं संपलं तेव्हा मालकीणबाईंनी माईक घेतला. "आजपासून दर शनिवार हिचा! आणि ऐका, हे सगळं या पोरीनं एकटीनं केलंय. एकटीनं!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. हे वाक्य ऐकायला मी किती वर्षं थांबले होते! गप्प राहिले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तो दाराशी पिशवी खांद्याला लावून उभा होता आणि इतरांसारखाच टाळ्या वाजवत होता.

मी माईक मागून घेतला.

"एकटीनं नाही. वाजवलं मी, त्यात कुणाला वाटा देणार नाही. पण प्रत्येक आवाज त्या माणसाचा आहे, तो तिथे दाराशी उभा आहे ना, त्याचा. आणि तुम्ही ज्याच्यावर नाचलात, तोही त्यानंच घातलाय."

सगळे वळले. तो कानापर्यंत लाल झाला. टाळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि या खेपेला त्या मला जास्त गोड लागल्या.

मध्यंतरात लोक पाणी प्यायला बाहेर गेले, तेव्हा मी खाली उतरले.

"निघालास?"

"काम संपलं ना."

"पुढच्या शनिवारी ये."

त्याचा चेहरा पडला. "का? कुठे फळी हलतेय का?"

"एकही हलत नाही. कामाला नाही बोलावत तुला... नुसतं ये."

"नुसतंच?"

"मला तू आवडतोस, म्हणून ये! कुणाकडे काही मागायची सवय नाही मला, तेव्हा चटकन काय ते बोल."

तो चटकन बोलला नाही. माझ्याकडे नीट बघून घेतलं, पुरेसं बघून घेतलं आणि मग पिशवी खांद्यावरून उतरवून भिंतीशी ठेवली.

"पुढच्या शनिवारपर्यंत कशाला थांबू?" तो म्हणाला. "मी हा थांबलो. पण मला नाचता येत नाही हं."

"नाचू नकोस. मला दिसशील असा उभा राहा."

लोक परत आत आले. मी गाणं सुरू करून मान वर केली. भिंतीशी इतकी जागा असताना तो बरोबर फ्लोअरच्या मधोमध उभा होता. चहूबाजूंनी नाचणाऱ्यांचे धक्के खात होता, पण जागचा हलत नव्हता. आणि शेजारच्या अनोळखी माणसाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता, मान ताठ करून.