पंधरा आकड्यांचा पत्ता

लोटू महाजनचं वकीलपत्र माझ्याकडे आलं तेव्हा सुरतेत मोबाइल फोन नवाच होता. हिऱ्यांचे दलाल आणि साडीवाले शेठ तो शर्टाच्या खिशातून अर्धा बाहेर दिसेल असा ठेवत. कोर्टाच्या आवारात एखाद्याचा वाजला की सगळे माना वळवून पाहत. माझ्याकडे नव्हता. अठवा लाइन्सच्या कोर्टात मी फौजदारी कामं करत असे. अशील बहुतेक उधना-पांडेसऱ्याकडचे, लूमवर राबणारे खानदेशी. मारामाऱ्या, भाडेकरूंची भांडणं, दारूबंदीच्या केसेस. त्यात नवल वाटावं असं काही नसे.

लोटू त्यांच्यातलाच. उधन्याला रेल्वे फाटकाजवळ त्याचं टेपरेकॉर्डर आणि पेजर दुरुस्तीचं दुकान होतं, वर्षभरापासून तो मोबाइलही उघडायला लागला होता. नव्याण्णवच्या जानेवारीत पोलिसांनी चोरीच्या फोनसाठी धाडी टाकल्या. त्यात त्याच्या टेबलावर एक हँडसेट सापडला. प्रत्येक हँडसेटला कारखान्यातच पंधरा आकडी ओळख क्रमांक मिळतो. आतलं कार्ड बदललं तरी तो बदलत नाही. हा क्रमांक बॅटरीखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो आणि ठरावीक बटणं दाबली की पडद्यावरही येतो. लोटूकडच्या फोनमध्ये चिठ्ठीवर एक आकडा होता आणि पडद्यावर दुसराच.

चिठ्ठीवरचा आकडा प्रवीण सोनवणेच्या फोनचा होता. प्रवीण पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलर सांभाळायचा. केव्हाही बोलावता यावं म्हणून शेठनं त्याला फोन दिला होता. आदल्या सप्टेंबरात तापीला पूर आला, त्या दिवशी त्याला फोन करून फिटर आणायला नदीपलीकडे रांदेरला पाठवलं. स्कूटर नंतर सापडली. तो सापडला नाही.

कलमं लावताना पोलिसांचीच पंचाईत झाली होती. फोनचा ओळख क्रमांक बदलणं हा गुन्हा आहे, असं तेव्हा कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी चोरीचा माल बाळगल्याचं कलम लावलं आणि जोडीला दंडसंहितेतलं एक जुनं, कधी न वापरलं जाणारं कलम, ४८९. दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून मालमत्तेवरची खूण पुसणं. गुरांच्या डागांसाठी, मालाच्या गाठींवरच्या खुणांसाठी असावं तसं. मला केस सोपी वाटली. खूण वस्तू कुणाची ते सांगते. हा आकडा वस्तू कोणती एवढंच सांगतो. मी हा युक्तिवाद मनात घोळवतही होते.

जामिनावर सुटल्यावर लोटू माझ्या ऑफिसात आला. चाळिशीचा, किरकोळ माणूस. खुर्चीच्या कडेवर बसला.

"आकडा तूच बदललास?" मी विचारलं.

"हो, ताई."

"विकायला?"

त्यानं मान हलवली. "विकायचा असता तर चिठ्ठी नसती का काढली?"

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. "मग कशाला?"

तो पंख्याकडे बघत सांगू लागला. पुरानंतर भंगारवाल्याकडून घेतलेल्या मालात तो फोन होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, कोरडा. कार्ड नव्हतं. कार्डाशिवाय फोन येत नाही हे त्याला माहीत होतं, तरी तो वाजला. त्यानं उचलला. कोणी माणूस होता. मागे वाफेच्या पाइपमधून येतो तसा आवाज. माणूस म्हणाला, निघालो आहे, घरी सांगा.

"कोणीतरी गंमत केली असेल."

"मला पण तसंच वाटलं. मग रोज संध्याकाळी वाजायचा. तेवढंच बोलायचा. मी बॅटरी काढून ठेवली, ताई." त्यानं तळहात टेबलावर उपडा ठेवला, जणू त्याखाली काही दाबून धरलं होतं. "बॅटरी काढून."

"आणि?"

"बायको म्हणाली, नदीत टाकून द्या. मला धीर झाला नाही. म्हटलं, याला नंबरच सापडला नाही तर फोन कुठं करील? कॉम्प्युटरला केबल लावून दुसराच आकडा घातला. त्या दिवसापासून बंद झालं."

"मग चांगलंच झालं."

"हो," तो म्हणाला. पण चेहरा केलेल्या कामाचं समाधान असलेल्या माणसाचा नव्हता.

ही हकिकत कोर्टात सांगण्यासारखी नव्हती. मी त्याला ती कुणाला सांगू नको म्हटलं आणि फाइल बांधून ठेवली.

पुढच्या आठवड्यात दुपारी एक बाई आली. तिशीची, फिकट निळी साडी, हातात छत्री. जानेवारीत छत्री कशाला, असं मनात आलं. ती मनीषा सोनवणे होती, प्रवीणची बायको. म्हणजे समोरच्या पक्षाची साक्षीदार. मी तिच्याशी बोलायला नको होतं, आणि तसं तिला सांगितलंही.

"मी भांडायला नाही आले, वकीलबाई," ती म्हणाली. "त्या माणसाला तुरुंगात घालू नका. फक्त नंबर होता तसा करून द्यायला सांगा."

"का?"

ती अगदी सरळ बोलली, रेशन आणायला गेल्याची गोष्ट सांगावी तशी. पूर ओसरल्यावर प्रवीण घरी यायला लागला होता. ड्यूटी सुटायच्या वेळेला बाहेर स्कूटर थांबल्यासारखं व्हायचं. मग कडी हलायची. तो उंबऱ्याच्या आत येत नसे आणि दिसतही नसे. ती आतून म्हणायची, आलात का, आणि चहा टाकायची. त्यापुढे काही घडायचं नाही.

"भीती नाही वाटली?"

"आपल्याच माणसाची?" तिला माझा प्रश्न कळला नाही. "दिवाळीनंतर एक दिवस आलेच नाहीत. पोलिसांच्या कागदात त्याच दिवसाची तारीख आहे. त्यानं त्या दिवशी नंबर बदलला."

कॉम्प्युटर जप्त झाला होता आणि त्यात ती तारीख निघाली होती, हे खरं होतं.

"आता त्यांना घर सापडत नाही," मनीषा म्हणाली. "शेजारच्या शांताबाईंचं दार वाजवतात. माझं नाव घेऊन. मग मागच्या गल्लीत गेले. आता पार पुढच्या सोसायटीत, गुजरात्यांकडे. रोज लांब लांब चाललेत, वकीलबाई."

मी विश्वास ठेवला नाही. पण शनिवारी उधन्याला दुसरं काम होतं, आणि परत येताना मी रिक्षा तिनं सांगितलेल्या सोसायटीत वळवली. डाइंग मिलांचा धूर खाली बसला होता. गटारातून त्या दिवशी जांभळं पाणी वाहत होतं. एका ओटीवर रमीलाबेन नावाच्या बाई पापड वाळत घालत होत्या. मी गॅसच्या जोडणीची चौकशी करण्याचं निमित्त केलं आणि मग, संध्याकाळी कोणी दार वाजवतं का, असं विचारलं.

त्यांचा हात थांबला.

"पेलो मराठी भाई?" तो मराठी माणूस का, असं त्या म्हणाल्या. चोर नाही, भिकारी नाही. दाराबाहेरून 'मनीषा, दार उघाड' म्हणतो. त्यांनी आतून सांगितलं, भाई, इथं मनीषा नाही. तर त्यानं विचारलं, तुमच्या घराचा नंबर काय? त्यांनी सांगितला. "पछी ए नंबर बोल्या करे. धीमे धीमे. जाणे गोखतो होय." मग तोच नंबर हळूहळू म्हणत राहतो, पाठ करत असल्यासारखा. दार उघडलं तर ओटी रिकामी.

"मग गेला?"

त्यांनी शेजारच्या घराकडे हात केला. "बाजूवाळाने त्यां."

मी त्या दिशेला पाहिलं. सारखी घरं, सारखी हिरवी दारं, आणि त्यांची रांग मिलच्या भिंतीपर्यंत. भिंतीपलीकडे खाडी. तिच्यापलीकडे शहर सगळीकडे पसरत चाललं होतं.

सोमवारी मी अर्ज दिला. कायद्याच्या भाषेत त्याला आधार होता. कलम ४८९ ला नुकसान लागतं. केलेला बदल जसाच्या तसा परत फिरवता येत असेल तर नुकसान कुणाचं झालं? तेव्हा आरोपीला न्यायालयासमोर, दोन्ही पक्षांच्या देखत, फोनचा मूळ क्रमांक परत घालून दाखवण्याची परवानगी मिळावी. अर्ज टाइप होऊन आला तेव्हा तो वाचून मला स्वतःलाही पटला. खरं कारण मात्र मी ज्युनिअरलाही सांगितलं नाही.

"तोटा तुझाच आहे," मी लोटूला म्हणाले. "सगळ्यांसमोर दाखवशील की हे तुला येतं. उद्या अपील झालं तर हेच अंगावर येईल."

"करून टाकतो, ताई. मलापण झोप नाही."

मॅजिस्ट्रेट साहेब वयस्क होते, निवृत्तीला आलेले. सरकारी वकिलांनी जोरात हरकत घेतली. फोनच्या आकड्यात फेरफार केला म्हणून ज्याच्यावर खटला आहे, त्यालाच पुराव्यात फेरफार करू द्यायचा? साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणता, हा आकडा फोन कुणाचा ते सांगत नाही, कोणता ते सांगतो. मग आकडा बदलल्यावर फोन तोच राहतो का?"

मी म्हणाले, "तेच पाहायचं आहे, साहेब."

त्यांनी परवानगी दिली.

ठरल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी लोटूचा कॉम्प्युटर कोर्टातल्या टेबलावर मांडला गेला. पंचांनी लाखेचं सील फोडलं. विटेएवढा काळा हँडसेट, वर बोटभर अँटेना. मनीषा भिंतीजवळच्या बाकावर बसली होती. मांडीवर छत्री आडवी. लोटूनं केबल जोडली. शिरस्तेदार चिठ्ठीवरचे आकडे एकेक करून मोठ्यानं वाचत गेला आणि लोटू एकेक टाइप करत गेला. खोलीत लोक असूनही आवाज फक्त त्या दोघांचा होता.

मग लोटूनं केबल काढली, बॅटरी बसवली, बटणं दाबली. पडद्यावर आकडा उमटला. पंचांनी चिठ्ठीशी ताडून पाहिला. तोच.

"नोंद घ्या," साहेब म्हणाले.

आणि फोन वाजला.

"बंद करा तो."

लोटूनं बटण दाबलं. वाजणं थांबलं नाही. त्यानं मागचं झाकण काढलं, बॅटरी काढली आणि टेबलावर ठेवली. बॅटरी एका जागी, फोन दुसऱ्या जागी. मध्ये वीतभर अंतर.

फोन वाजत होता.

सरकारी वकील एक पाऊल मागे सरकले. लोटूनं दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, शाळेत उभ्या केलेल्या मुलासारखे.

मनीषा उठली. कुणी तिला अडवलं नाही. तिनं फोन कानाला लावला आणि ऐकत राहिली.

"हां," ती खानदेशी बोलीत म्हणाली. "हाऊच नंबर शे."

पुन्हा ऐकलं.

"हां, घर या. बठ्ठासले लई या."

तिनं फोन जागेवर ठेवला आणि बाकावर जाऊन बसली. तिचा चेहरा मोकळा झाला होता. साहेबांनी सुट्टी जाहीर केली. त्या दिवसाच्या कामकाजात फक्त एवढंच लिहिलं गेलं की मूळ क्रमांक पुनःस्थापित करण्यात आला.

लोटू महिन्याभरात सुटला. क्रमांक बदलण्याबद्दल शिक्षा सांगणारी तरतूद नाही आणि नुकसान सिद्ध झालेलं नाही, असा निकाल आला. फोन मनीषाच्या ताब्यात देण्याचा हुकूम झाला. लोटूनं दुकान मेहुण्याला दिलं आणि तो धरणगावला निघून गेला. रमीलाबेनना मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, आता कोणी येत नाही. मला बरं वाटलं. एखादं काम नीट पार पडल्यावर वाटतं, तसंच.

फोन मिळाल्याच्या पावतीवर मनीषाची सही राहिली होती. म्हणून मार्चमध्ये मी तिच्या घरी गेले. संध्याकाळ व्हायची होती. गल्लीत मुलं खेळत होती, पण तिच्या दारापासून जरा दूर. दार अर्धं उघडं होतं. आतून स्टोव्हचा आवाज आणि आल्याचा वास येत होता. मी सवयीनं उजव्या पायातली चप्पल काढली आणि हाक मारली.

मनीषा पदराला हात पुसत आली. मागे स्वयंपाकघरात लग्नकार्याला वापरतात तसं मोठं पातेलं चढवलेलं दिसलं, काठोकाठ चहानं भरलेलं.

"या ना, वकीलबाई. चहा होतोच आहे."

"पाहुणे आहेत का?"

"हो ना. हे एकटे नाही आले." ती जरा लाजून हसली. "दारोदार हिंडताना भेटले असतील वाटेत. पुरातलेच सगळे. त्यांना पण घरं सापडत नव्हती. मीच फोनवर म्हटलं होतं, सगळ्यांना घेऊन या."

आतल्या खोलीत अंधार होता. कोणी दिसलं नाही, कोणी बोललं नाही. फक्त खूप माणसं गप्प बसल्यावर खोली जशी भरलेली वाटते, तशी ती वाटत होती.

"सही तेवढी हवी होती," मी म्हणाले. तिनं उभ्यानंच सही केली. मी कागद घेतला आणि निघायला म्हणून खाली पाहिलं.

ओटीवर भिंतीच्या कडेनं चपला लावलेल्या होत्या. पुरुषांच्या, बायकांच्या, काही अगदी लहान मुलांच्या. ओळ पार कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि सगळ्यांची तोंडं दाराकडे होती. त्यांच्यात जोड एकही नव्हता. प्रत्येक एकेकटी.

मी माझी चप्पल पायरीवर काढली होती. पायरीवर ती नव्हती. ती ओळीच्या शेवटी होती, तोंड दाराकडे करून, नीट लावलेली.